शाळेला बसवलेली मेंढरं

गुरुजी, ओळखलं का? कुठलं ओळखताय! छत्री शाळेत, चष्मा कपाळावर आणि चपला मारुतीच्या पायरीवर विसरून घरी जाणारी माणसं तुम्ही. मरून इतकी वर्षं झाली म्हणून ध्यान सुधारलं असेल, असं काही मला वाटत नाही. मी तुमच्या चौथीतल्या त्या पोरीची आई, मेंढरंवाली. तुम्ही मला अक्का म्हणायचात. मला लिहिता येत नाही एवढं तरी आठवत असेल, म्हणून सांगते, हे लिहितेय ती तीच पोर. आता तिचेही केस पांढरे झाले. मी ‘न्हाय’ म्हटलं की ती ‘नाही’ लिहिते आणि वर मलाच दटावते, “आये, गुरुजींना पत्र हाय, जरा नीट बोल की.” मेलेल्या माणसाशीही नीट बोलायला लावणारी ही पोर तुम्हीच घडवलीत. आता भोगा.

तुमची शाळा मारुतीच्या देवळात भरायची. पहिलीची पोरं पायरीजवळ, चौथीची देवाजवळ, आणि मधे तुम्ही एकटेच, चारी वर्गांचे पाढे एकदम ऐकत. शनिवारी तेल वाहायला माणसं आली की शाळेला उठून लिंबाखाली जावं लागे. खडू हवा तर पंचायत समितीला लिहायचं, फळा हवा तर पुन्हा लिहायचं, आणि तिथून उत्तर यायचं की सोलापूरला विचारलंय. गावात शाळेची समितीही होती म्हणे. तिची बैठक चहा असला की भरायची, चहा संपला की उठायची. चौथीपुढं शिकायचं तर बाजारच्या गावाला चालत जावं लागे. पोरगे जायचे. पोरी घरी बसायच्या, आणि घरी बसलेली पोर लोकांच्या डोळ्यांत लगेच भरते. माझी नणंद तर येऊनच बसली होती. “वयनी, परीक्षा झाली की पोर आमाला सून म्हणून द्या. मेंढरामागं लई चपळ हाय.”

बाहत्तरचा दुष्काळ सरून पावसानं पुन्हा आम्हाला ओळख दाखवली, त्यानंतरची ही गोष्ट. तुम्ही सगळ्या गावाला देवळापुढं बोलावलंत. म्हणालात, साहेब शाळा तपासायला येणार आहेत. गावाला शाळेची कळकळ आहे असं दिसलं, गावानं शाळेला काही दिलं, तर पाचवीचा वर्ग मिळेल. सरपंचांनी भाषण केलं. त्यांच्या मागून पाटलांनी केलं. शाळा म्हणजे आमचा प्राण, असं दोघांनीही सांगितलं, पण काय देणार ते एकाच्याही तोंडून निघेना. मी मागं बायकांत बसले होते. घरी येऊन मालकाला म्हटलं, “आपुन काय द्यायचं?” ते म्हणाले, “आपल्याकडं मेंढरांबिगर हाय काय?” मी म्हटलं, “मग तीच देऊ की.”

आता तुम्ही आमच्या गावात राहिलात तरी वाढलेले शहरातल्या पेठेत, म्हणून पुन्हा सांगते. शेतकरी आम्हाला धान्य देतो ते कशासाठी? आमची मेंढरं त्याच्या रानात रात्रभर बसावीत म्हणून. लेंड्या पडतात, मूत मुरतं, पुढच्या साली ज्वारी छातीला लागते. धनगरानं कुणाकडून काही न घेता मेंढरं बसवली तर त्याहून मोठा मान नाही. साहेब येणार त्याच्या आदल्या रात्री आम्ही देवळामागच्या शाळेच्या पटांगणात सगळा कळप बसवला. चांगला दाटीनं, कोपरा न कोपरा भरून.

सकाळी तुम्ही आलात. अजून दिसताय मला. एका हातात धोतराचा सोगा, दुसऱ्या हातात हार, आणि पाय ठेवायला जागा नाही. “अक्का, काय केलंत हे!” एवढंच म्हणालात, पण आवाज असा की पहिलीची पोरं आपोआप हात पुढं करून उभी राहिली. झाडू आणेपर्यंत जीप आलीच. साहेब उतरले ते थेट लेंड्यांत. बूट काळे करकरीत होते बिचाऱ्याचे.

“गुरुजी, ही शाळा आहे का कोंडवाडा?”

सरपंच पुढं झाले, “सायब, अडाणी माणसं हायेत, माफी करा.” माझी पोर देवळाच्या दारात रडवेली उभी होती. ते बघून मला काय झालं कोण जाणे. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि बोलले, “सायब, गावानं शाळेला द्यायचं व्हतं. आमी दिलं. बाकीच्यांचं तेवढं इचारा.”

साहेब वाकले, एक लेंडी बोटांत घेऊन चुरडली, आणि हसायलाच लागले. शेतकऱ्याच्याच घरचे निघाले ते! “सरपंच,” म्हणाले, “हिनं कळप बसवला. तुम्ही काय बसवलंत?” सगळा गाव बघतोय म्हटल्यावर सरपंच लाल झाले आणि तावातावात बोलून गेले, “माझा कडबा ठेवायचा सोपा दिला वर्गाला!” देवळासमोरच त्यांचं घर, तिथून भांडं आपटल्याचा आवाज आला. पण शब्द गेला तो गेला. जूनमध्ये पाचवी सुरू झाली. पोरी घरी यायच्या त्या केसांत कडबा घेऊन, जनावरं मागं लागायची. त्या दिवशी साहेब जाताना हळूच विचारून गेले, आमचंही थोडं रान आहे, कधी बसवाल का? मालक म्हणाले, “त्या बाजूला वाट पडली तर बघू.” वाट काही पडली नाही.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. पाचवीमागून सहावी आली, सातवी आली, आणि हे बेणं शिकत शिकत शाळेतली बाई झालं. आता करमाळ्याकडं पोरांचे कान पिळतंय. तुम्ही ज्याला त्याला सांगायचात, “शिक्षणाची खरी तळमळ त्या अक्काला!” मी मान खाली घालून ऐकून घ्यायची. गुरुजी, तळमळ कसली? मला पाचवी कशाशी खातात हेही माहीत नव्हतं. मला पोर आणखी एक वर्ष घरात हवी होती. जेवताना शेजारी बसणारी, माझ्याच पांघरुणात पाय घालणारी. तिला नणंदेकडं जाऊ द्यायचं नव्हतं, म्हणून शाळेला दिली. आणि शाळेनं तिला नणंदेच्या घरापेक्षा कितीतरी लांब नेलं!

हिचं लिहिणं थांबलंय. नाक ओढतेय. लिही गं, संपत आलं.

हे पेटीत टाकू नकोस. पोस्टमन नवीन आहे, उगाच गावभर विचारत फिरेल. तू सोमवारी गेलीस की एसटीनं हुलग्याचं पीठ पाठव, माडगं करून प्यायला. जरा जाडसर दळ. गेल्या वेळी गंधासारखं केलं होतंस.