आई कोणाच्या खात्यावर?

टोलेडो, २ एप्रिल

ती. मार्लिसताईस,
सा. न. वि. वि.

आम्ही खुशाल. यंदा मी आयकराचं विवरणपत्र फुकटच्या संकेतस्थळावर स्वतःच भरलं. तू बस त्या विवरणपत्र भरून देणाऱ्या दुकानात पैसे मोजत. तिथं कॉफी फुकट मिळते म्हणे! पण माझं विवरणपत्र परत आलं. कारण काय, तर आईचा सरकारी ओळख क्रमांक दुसऱ्या एका विवरणपत्रात कुणीतरी आधीच वापरलाय. तिच्या हीटरचं तेल मी भरतो, म्हणून सूट मिळवायला मी तिला माझ्यावर अवलंबून दाखवलं. हे तुझंच काम. पंधरा तारखेच्या आत तिचं नाव काढ, नाहीतर माझी सूट बुडाली. भावजींना नमस्कार. लोभ आहे, तो कापून घेऊ नये.

तुझा,
गॉर्डन

डलूथ, ७ एप्रिल

चि. गॉर्डनला,
रागावलेले का होईना, आशीर्वाद.

चोराच्या उलट्या बोंबा! माझंही विवरणपत्र आपटून परत आलं, आणि दुकानदार दुरुस्तीचे वेगळे पैसे मागतोय. तेल तू एकदा भरलंस, त्याला तीन हिवाळे लोटले. दर रविवारी आईकडे जेवण घेऊन कोण जातं? (नाताळपासून जमलं नाही, ते सोड.) मी आईलाच पत्र टाकलंय, की तू कोणाच्या जिवावर जगतेस ते एकदा लिहून दे. प्रकृतीस जप, अक्कल आली तर कळव.

तुझी,
ताई

डलूथ, ११ एप्रिल

चि. मार्लिस आणि चि. गॉर्डन यांस,
दोघांना सारखेच आशीर्वाद.

भांडू नका रे. तो क्रमांक मीच वापरला. वाचनालयात स्वयंसेवक बसतात, ते विवरणपत्र फुकट भरून देतात. फेब्रुवारीत बर्फ तुडवत गेले. टेबलामागे हार्लन होते, गॉर्डनला गणित शिकवायचे तेच. तुम्हाला कुणी आपल्यावर अवलंबून दाखवतं का, असं त्यांनी विचारलं. मी जरा आठवून पाहिलं. तुमच्या बाबांच्या मागे त्यांचं पेन्शन येतं, चर्चमध्ये ऑर्गन वाजवून चार पैसे मिळतात, तेल मीच भरते. नाही म्हणून सांगितलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? त्यांनी मग कॉफी पाजली.

तुम्ही माझ्यावरून एवढे भांडलात हे वाचून हसू आलं, थोडं बरंही वाटलं. पण दोघंही माझं नाव काढा, आणि पुढच्या वर्षीही घालू नका. नवरा-बायकोने एकत्र विवरणपत्र भरलं तर स्वस्त पडतं, असं हार्लन म्हणतात. मी हो म्हटलंय. पंधरा तारखेपर्यंत त्यांना मान वर करायला सवड नाही, म्हणून लग्न वीसला. या, आणि येताना हिशेब घरी ठेवा.

तुमचीच,
आई