तुमसर ते लंडन, चार तास

३ ऑक्टोबर २०२३
आजपासून रोज लिहायचं. पुढे संशोधकांना लागेल. मी टेकचंद, राईस मिलचा फिटर, आवाजापेक्षा जोरात जाणाऱ्या प्रवासी विमानाचं इंजिन बनवतोय. तुमसर ते लंडन चार तास. भंडाऱ्याच्या एसटीला किती लागतात, तो माझा विषय नाही.

५ ऑक्टोबर
मिलचा ब्लोअर, म्हणजे भुसा उडवणारा पंखा, ‘दुरुस्ती’ला म्हणून घरी आणला. कॉम्प्रेसर म्हणून फिट बसतो. मालक हिरालाल शेठ म्हणाले, हलका, म्हणजे लवकर पिकणारा धान दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी येतो. तेव्हा ब्लोअर चालू पाहिजे, नाही तर दुसरा फिटर पाहीन. मोठ्या कामात अशा धमक्या येतातच. एकोणीस दिवस आहेत.

९ ऑक्टोबर
मोबाइलवर वाचलं. अशा विमानात हवा इंजिनात शिरायच्या आधी हळू करावी लागते. तेच खरं अवघड. कौशल्याला समजावलं. म्हणाली, “हळू कराच्या कामात तुमचा हात कोनी धरते का?” नवऱ्याला टोमणा. सोडून दिला.

१५ ऑक्टोबर
काम शून्य. लाईट नव्हती, पान्हा सापडला नाही, झोप आली. उद्यापासून पहाटे पाचला.

१६ ऑक्टोबर, सकाळी साडेनऊ
उठलो.

२२ ऑक्टोबर
पत्र्याचं नळकांडं बसवलं. शेजारचा मंगरू बघून म्हणाला, “टेकचंदभाऊ, कूलर मस्त आहे, पन थंडीत कायले बनवून राहिला?” अज्ञान. चाचणी दसऱ्याला सकाळी, ब्लोअर संध्याकाळी परत. प्लॅनमध्ये चूक नाही.

२४ ऑक्टोबर, दसरा, सकाळी सव्वादहा
चाचणी यशस्वी. फक्त इंजिन तुटलं.
दसऱ्याला पूजा केल्याशिवाय मशीनचं बटन दाबायचं नाही, हा मिलचाही नियम. कौशल्याने हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला, तोंडाशी नारळ ठेवला. काढू का, म्हणाली. मी म्हणालो, राहू दे, शुभ असतं. बटन दाबलं. आधी हार आत गेला, मग नारळ. म्हणजे ओढ हिशेबापेक्षा जास्तच निघाली. ब्लोअरची आठपैकी पाच पाती गेली. खोबरं मंगरूच्या अंगणात पडलं, त्याने प्रसाद म्हणून खाल्लं.

दुपारी
वेल्डिंगची सगळी दुकानं पूजेमुळे बंद. आता भीती वाटते. अठरा वर्षांची नोकरी आहे.

२५ ऑक्टोबर
मिलसमोर धानाचे ट्रॅक्टर उभे, तुटका ब्लोअर माझ्या पोत्यात. कशाने तुटला ते सांगून टाकलं. शेठ सगळ्यांदेखत ओरडले, “नारळ ब्लोअरमधी काहून टाकला बे?” पूजेचा होता, म्हणालो.  शेठ म्हणाले, उद्यापासून येऊ नको.
तेवढ्यात कौशल्या डबा घेऊन आली. तिने शेठपुढे हात जोडले. “शेठजी, ह्यायले कामावर ठेवा. घरी बसले त पुन्हा इंजिन बनवतीन.”
शेठने तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. नोकरी राहिली. नवा ब्लोअर येईपर्यंत भुसा उचलायचा.
लग्नाला सोळा वर्षं झाली. माझ्या हातून इंजिन बनणारच, एवढा भरवसा या बाईला आहे, हे आज कळलं. भर मिलमध्ये डोळे भरून आले.