हळदीचा डाग

मानपाडा, डोंबिवली पूर्व
१७ मार्च २०२५

सौ. उत्तराताई यांस,

रंगूबाईचा नमस्कार. इकडे आम्ही आहोत, तिकडे तुम्ही सगळे बरे असाल. यंदा कैऱ्या लवकर आल्यात, पण अजून आंबट नाहीत. लोणच्याची घाई करू नका.

काल संदेशने माझ्या हातची चिठ्ठी मोबाइलवर तुम्हाला पाठवली असेल, पाडव्याच्या आत सान्वीला पाठवा म्हणून. सासूने स्वतः बोलावलं की माहेरच्यांना नाही म्हणता येत नाही, म्हणून त्याने मला बसवून लिहून घेतली. हे दुसरं पत्र त्याला ठाऊक नाही. फोन तो उघडून बघतो. शेजारची योगिनी तुमच्या शहाडला कामाला येते, तिच्या हाती देतेय. माझी शाळा चौथीपर्यंत, अक्षर लावून वाचा.

सगळं त्या सायन्सच्या पेपरने झालं. लग्न ठरताना तुम्ही म्हणालात, पोरगी मराठी घेऊन बी.ए. करतेय. मी म्हटलं बरंय, पोळ्या करता करता होईल पास. मग हा नवीन नियम निघाला. मराठीवाली असली तरी सायन्सचा नाहीतर गणिताचा एक पेपर घ्यायचाच, त्याशिवाय डिग्री नाही. कविता वाचणाऱ्या पोरीला हे कशाला, मी तिला तोंडावर विचारलं. ती म्हणाली, "आई, मलापण तेच वाटलेलं."

पेपर कसला, तर रोजच्या वापरातलं रसायन. एक दिवस तिने माझ्या पदरावरचा हळदीचा डाग धरला आणि त्यावर कपड्याचा साबण घासला. लाल झाला. मी म्हटलं, "हे काय शिकवतेस मला? जन्मभर धुणं धुतलंय." तर म्हणते, "मग आता लिंबू पिळा." पिळलं, तर पुन्हा पिवळा. ते मला माहीत नव्हतं, ताई. पुन्हा साबण लावला, पुन्हा लिंबू पिळलं. तेवढ्यात चहा उतू गेला.

मग गल्लीतल्या बायका यायला लागल्या. चांदी काळी का पडते, सोड्याने डाळ का शिजते. सान्वी सांगायची, मी चहा करायची. एकदा समोरची रुपाली संदेशला म्हणाली, "अरे, बायको सायंटिस्ट झाली तुझी. तू बारावी सायन्सला दोनदा आपटलास ना?" सगळ्या हसल्या. मीपण हसले. तो हसला नाही. त्याच्या बारावीचं आम्ही तुम्हाला लग्नात सांगितलेलं नाही.

सान्वी मोरीत घसरली, कपाळाला टाके पडले, असं तिला आरामाला तिकडे पाठवताना तुम्हाला कळवलेलं. आमची मोरी घसरडी आहे, ते खरंच आहे. फरशी बदला म्हणून ह्यांच्या किती मागे लागले मी.

त्या दिवशी मोरी कोरडी होती.

तिचे चाचणीचे मार्क आलेले. वर्गात पहिली. तिने त्याला मोबाइल दाखवला, तेवढंच. त्याने तिचं डोकं धरलं आणि ओट्याच्या कडेवर आपटलं. एकदा नाही. मी तिथेच पोळ्या करत होते. तव्यावरची पोळी करपत होती, तर मी आधी तवा उतरवला आणि मग तिला धरलं. आधी तवा उतरवला. रोज तो तवा ठेवते तेव्हा आठवतं.

जखमेत हळद मीच भरली. दवाखान्यात मोरीचं मीच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तिच्या उशीची खोळ धुवायला काढली. योगिनी दारात आली, म्हणाली, "काकू, हे लाल काय?" मी म्हटलं, हळद. साबणाने लाल होते ना. योगिनीने मान हलवली. तीपण सान्वीकडूनच शिकलेली.

ती गेल्यावर मी लिंबू कापलं. का, ते मला विचारू नका. सबंध लिंबू त्या डागावर पिळलं आणि बघत बसले.

तर सान्वीला पाठवू नका. मी स्वतः घ्यायला आले तरी पाठवू नका. संदेश तिला नीट जपेल, असं चिठ्ठीत मी लिहिलंय. तो माझा आहे, त्याच्यासमोर बसून मला दुसरं लिहिता आलं नाही. एप्रिलमध्ये तिचा तो पेपर आहे, तुमच्याकडूनच जाऊ दे. रडली तरी बसवा. तिची पुस्तकं योगिनीच्या पिशवीत घातलीत. इथे विचारलं, तर रद्दीत दिली म्हणेन.

पुस्तकांच्या खाली कागदात ती खोळ आहे. डाग पिवळा झाला नाही. पुढे कुठे दाखवायची वेळ आली आणि मी पुन्हा मोरी म्हणाले, तर माझं ऐकू नका, ती खोळ दाखवा. तोवर धुऊ नका.

संदेशची आई,
रंगूबाई