साध्या नळीतलं रक्त

फुलसावंगी
९ जुलै

उज्ज्वलाताईले राजकुमारचा नमस्कार.

सोयाबीन वीतभर झालं, डवरणी सुरू आहे. जावई अन् लेकरं बरी असतीन. इकडं सारे मजेत.

नाही, मजेत नाहीत. सकाळपासून तीनदा तुले फोन लावला अन् मीच कापला. म्हणून लिहून फोटो पाठवून राह्यलो.

तुह्या आईच्या, म्हणजे काकीच्या, पायाच्या अंगठ्यात काटा रुतला, त्याले महिना झाला. जखम भरत नाही, अंगठा काळा पडून राह्यला. दवाखान्यात चाल म्हटलं, तं तुह्या याडीनं लॅबचा कागदच काढला. "एकशे अठरा! मले शुगर नाही. काट्यानं कोनी मरते काय?"

मे महिन्यात आशा वर्कर रामीबाईच्या मशीनवर काकीची शुगर तीनशेच्या वर आली होती. तू म्हटलं, बोटाच्या मशीनचा काय भरोसा, लॅबमधी तपासा. बरोबरच म्हटलं तू. लॅबसाठी गावोगाव रक्त गोळा करतो, तं तिचंही रक्त मीच काढलं. लॅबचं मशीनही खोटं नाही बोललं ताई, त्याले जे मिळालं ते त्यानं मोजलं.

त्या दिवशी राखाडी झाकणाच्या नळ्या संपल्या होत्या. त्यात पावडर असते, तिच्यानं साखर टिकते. मी साध्या नळीत भरलं. म्हटलं, तासाभरात महागावच्या लॅबले पोहोचतो. तेवढ्यात आर्णीहून मामाचा फोन आला, मुलगी पाहायले आत्ताच ये. गेलो. नळी गाडीच्या डिक्कीत, वरून मे महिन्याचं ऊन. लॅबमधी पोहोचलो तं संध्याकाळ. साध्या नळीत रक्त आपल्यातली साखर आपणच खाते, हे मले शिकवलं होतं. वेळ विचारला तं मी बिनधास्त म्हटलं, आत्ताच काढलं.

मंग माह्याच सगाईत काकीनं मूठमूठ गूळ खाल्ला. "माह्या राजूनं रगत काढलं, रिपोर्ट चांगला आला," असं साऱ्या तांड्याले सांगे. मी हसलो. लाज कशी नाही वाटली मले!

काल मशीन घेऊन गेलो. म्हटलं, एक थेंब दे. म्हणे, "तूच काढलं तं रगत, अन् आता तूच खोटं म्हनतं काय रे?" मी मशीन पिशवीत टाकलं अन् निघून आलो. भेकड आहो मी.

उद्या सात वाजता गाडी सांगितली आहे, यवतमाळले नेतो. पण ती माह्या म्हणण्यानं उठणार नाही. त्याच्या आधी तू काकीले फोन कर, सारं सांगजो. नळी, डिक्की, आर्णी, काहीच झाकू नको. ती ऐकत असन तवा मी तिच्यासमोर बसून राहीन. अंगठ्याचं काय होते ते होवो, पाय वाचला पाह्यजे.

तुहा भाऊ, अजून म्हणशील तं,
राजकुमार