उजवा कौल

१० जून, सोमवार
भाकरी तव्यावर होती, एका हातानं मी डबे बांधत होते आणि माझी लेक अर्पिता उंबऱ्यावर बसून पुडीचा कागद वाचत होती. नळदुर्गातली आमची शेवटची सकाळ अशी रोजच्यासारखीच गेली. भांडी घासली, ओटा पुसला, बहिणीला, दीपमालाला, घराची किल्ली दिली आणि एसटीत बसलो. दुपारी सास्तूरला उतरलो.
इथल्या वाचनालयात मला काम मिळालं आहे. सातवीत शाळा सुटली, पुढचं मी हाताला लागेल ते वाचून शिकले; त्याचा पहिल्यांदाच उपयोग झाला. घर लहान पण उजेडाचं आहे. भूकंपानंतर बांधलेली इथली घरं सगळी एकसारखी, म्हणून आपलं ओळखू यावं यासाठी अर्पितानं दारावर खडूनं मासा काढला. शेजारच्या द्वारकाबाई पिठलं घेऊन आल्या. अर्पितानं त्यांना लग्नाची तारीख विचारली. पाच मे अठ्ठ्याहत्तर म्हणताच हिनं वार सांगितला, शुक्रवार. द्वारकाबाई म्हणाल्या, व्हय गं बाई, शुक्रवारच, माझा उपास होता त्या दिशी. मग मला म्हणाल्या, अयोध्या, ही पोरगी आठ वर्षांची हाय का ऐंशी? तिघी हसलो. अर्पिताचे वडील रामहरी गेल्यापासून घरात एवढं हसू झालं नव्हतं.

२६ जून, बुधवार
अर्पिताची आधी नुसती डोळ्यांची उघडझाप होती. आता मान. वाचता वाचता एकदम खांद्याकडे झटका जातो, कधी उजवीकडे, कधी डावीकडे. मुद्दाम करत नाही, शिंक यावी तसं येतं म्हणते. शाळेत पोरं तिची नक्कल करतात. गुरुजी मात्र म्हणतात, गणितात तिला शिकवायला माझ्याकडं काही उरलं नाही.
आज धाराशिवला डॉक्टरांना दाखवलं. म्हणाले, पुष्कळ मुलांना होतं, बहुतेकांचं आपोआप कमी होतं. टोकू नका, मानेकडं बघत बसू नका. लक्ष दिलं की वाढतं. आणि रोज एकदा लिहून ठेवा, झटका कधी आला, त्याआधी काय झालं. बघायचं नाही आणि लिहायचं, हे दोन्ही कसं जमवायचं ते विचारायचं राहिलं. याच वहीत लिहीन.

७ जुलै, रविवार
सकाळी तीन झटके, पुस्तक हातात असताना. दुपारी एक.
द्वारकाबाईंची शेळी काल हरवली. आज दारात बसून त्या तिला शिव्या देत होत्या. मधेच म्हणाल्या, सापडंल का न्हाय गं रांड? अर्पिताची मान उजवीकडे गेली. दिवेलागणीला शेळी ओढ्याकाठी सापडली.
आमच्याकडं देवीला कौल लावतात. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना फुलं लावायची आणि मनातलं विचारायचं. उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. द्वारकाबाई अर्पिताकडं तशाच बघत होत्या. मी हसण्यावारी नेलं.

१८ जुलै, गुरुवार
सतरा झटके. बायका अर्पिताला कौल लावायला येतात. कुणी पेरू आणतं, कुणी रिबीन. मी अडवायला हवं होतं. पण शाळेतली पोरं आता नक्कल करत नाहीत, वाट सोडून उभी राहतात. आणि मला त्याचं बरं वाटलं. खोटं कशाला लिहू?
आज कोंडाबाई आल्या. नवरा सोलापूरला दवाखान्यात आहे. पोरीसमोर पदर पसरून विचारलं, घरी येतेल का? मान डावीकडे गेली. कोंडाबाई अर्पिताचे पाय धरायला वाकल्या. मी मधे पडले.

२१ जुलै, रविवार
कोंडाबाईंचा नवरा गेला.
मी दारावरचा मासा पुसला. द्वारकाबाईंना सांगितलं, आता इथं कुणी काही विचारायचं नाही. त्या म्हणाल्या, दार लावून देव बाहेर राहतो व्हय?

२४ जुलै, बुधवार
तीन दिवस कुणी आलं नाही. झटके कमी झाले, काल फक्त चार.
आज तिची वेणी घालत होते. रामहरींचा ट्रक वळणावर उलटला तेव्हा ते तासभर रस्त्याकडेला पडून होते म्हणतात. मला तोंडसुद्धा पाहू दिलं नाही. वेणी घालताना मनात आलं, मला हाक मारली असेल का त्यांनी?
केस माझ्या हातात होते. ते उजवीकडे ओढले गेले.
मी काही बोलले नव्हते.

२ ऑगस्ट, शुक्रवार
एकतीस झटके. त्याआधी काय झालं — ही जागा मी रोज कोरी सोडते आहे. डॉक्टर विचारतील.
रोज एकच प्रश्न, असं ठरवलं होतं. वेणीच्या वेळी. त्यांना दुखत होतं का. पाणी मागितलं का. कुणी दिलं का.
डावीकडे. कुणी दिलं नाही.

५ ऑगस्ट, सोमवार
मोजणं सोडलं. घास तोंडातून सांडतो. वार सांगायचं तिनं बंद केलं आहे, विचारलं तर आठवत नाही म्हणते. उजव्या बाजूला मानेची शीर टरारून वर आली आहे.
आज विचारलं नाही. एकदाच विचारलं. ते इथं आहेत का —
उजवीकडे.

६ ऑगस्ट, मंगळवार
वेणी घालताना तिनं मागं न बघता सांगितलं, आई, त्या बायका मोठ्यानं विचारायच्या तेव्हा कमी दुखायचं. तू मनात विचारतीस ते लई दुखतं.
तिला पहिल्यापासून माहीत होतं. माझ्यासाठी गप्प बसली.

७ ऑगस्ट, बुधवार
विचारायचं नाही म्हणून ठरवलं. भाजी खारट झाली का — उजवीकडे. पाऊस येईल का — डावीकडे. गाडी किती वाजता — दोन्हीकडे, पुन्हा दोन्हीकडे, थांबेना. मी विचारत नाही. मनात येतं. ती खोलीत असली की येतंच —
तिला माझ्यापासून लांब न्यायला हवं.

८ ऑगस्ट, गुरुवार
सकाळच्या एसटीनं अर्पिताला नळदुर्गला नेलं, दीपमालाच्या हाती दिलं आणि एकटीच परत फिरले. तिनं हात हलवला. मान सरळ होती.
आताच दीपमालाचा फोन आला. म्हणाली, लेकरू चांगलं खेळत होतं, सव्वाअकराला एकाएकी मान उजवीकडे गेली, मग रडायला लागलं.
सव्वाअकराला मी एसटीत होते. खिडकीशी. मनात म्हटलं होतं, माझं बाळ रडत असेल का.
आता तिची आठवण काढायची नाही. बाराखडी लिहीत बसले आहे. क का कि की. दिवे लागले. क का कि की कु कू. दीपमाला तिला वाढत असेल. भाकरी कुस्करून लागते तिला, दुधात. ख खा खि खी. दीपमालाला सांगायचं राहिलं. ख खा — आज ती जेव