काळ्या कोंबडीची कलेजी

१२ नोव्हेंबर, सोमवार
म्हातारे, हे वाचून घेशील तेव्हा काल काय जेवलीस तेही आठवणार नाही तुला. म्हणून माझं मलाच लिहवून ठेवतेय. सांगते मी, लिहिते नात थावरी. आज दवाखान्याच्या आशाताईने थावरीच्या बोटाचं रक्त मशीनमध्ये घातलं. अंगात रक्त सात निघालं. बारा हवं म्हणे. विचारते, पोरगी जेवते कधी? म्हटलं, सगळ्यांचं झालं की, माझ्यासोबत. आमच्या पाड्यात असंच असतं.
ठरलं. उद्यापासून पहिली भाकरी थावरीला. शुक्रवारी दोनातली एक काळी कोंबडी कापायची, कलेजी अख्खी थावरीची.

१३ नोव्हेंबर
पहिली भाकरी तिच्या भावाला, दीत्याला गेली. शाळेची घाई होती त्याची. दुसरी, तिसरी मुलाला, कालसिंगला. थावरीने डाळीचं भांडं पुसून घेतलं. तळाची डाळच घट्ट असते.

१५ नोव्हेंबर
लोहाची निळी गोळी कडक चहासोबत दिली. आशाताई म्हणते, चहाने गोळी वाया जाते. चहाने कुणाचं वाईट झालंय?

१६ नोव्हेंबर, शुक्रवार
कोंबडी कापली. कलेजी पानात झाकून ठेवली. तेवढ्यात जावई वेलसिंग दारात. जावयाच्या ताटात कलेजी नाही, असं कधी झालंय? थावरीला रस्सा वाढला. कलेजी त्यातच शिजली होती, ताकद उतरतेच. लिहिता लिहिता पेन थांबलं तिचं. म्हटलं, तोंड का पाडलंस? म्हणाली, आजी, पुढचं सांग.

१९ नोव्हेंबर
थावरी हापशावर दोनदा खाली बसली. आळस. अक्षरही ओळ सोडून चाललंय, दीत्या हसतो. उद्या पहिली भाकरी नक्की.

२१ नोव्हेंबर, झाबुवा, मोठा दवाखाना
आज लिहितेय आशाताई. काल थावरी हापशावर पडली. रक्त पाचवर आलंय, बाटली लावलीय. पहिली भाकरी कालही दीत्यानेच खाल्ली.
आशाताईने वही पहिल्यापासून वाचून दाखवली. रोजच्या मजकुराखाली बारीक अक्षरात काहीतरी होतं, मी न सांगितलेलं. थावरीने लिहिलंय: मला अर्धी भाकरी. आजीला पण अर्धीच.
पोरीकडे बघवेना. खिडकीकडे तोंड करून बसले.
कालसिंगला निरोप: उरलेली काळी कोंबडी काप. कलेजी अख्खी डब्यात घाल, वर लिंबू ठेव, सोबत दोन भाकऱ्या, तव्यावरच्या पहिल्या. चहा पाठवू नकोस. आणि वेलसिंग अजून तिथेच असला तर त्याला रस्सा वाढ. ताकद त्यातही उतरतेच.