सातबाऱ्यावरची हिरवळ

हडपसरनजीक, ३ मार्च

चि. अपेक्षास रंगरावकाकाचे अ. उ. आ.

पत्र अशासाठी, की व्हॉट्सॲपवर लिहिलं तर संध्याकाळपर्यंत सगळ्या भावकीला पाठ होतं. आमची पुतणी खराडीत एसीत बसून, उपग्रहातून मुळा-मुठेच्या खोऱ्यातला दुष्काळ मोजते, असं मी गावभर अभिमानानं सांगत होतो. परवा तुझा नकाशा तहसिलात लागला. आजूबाजूची गावं तांबडी आणि आपलं एकटं गाव हिरवंगार. म्हणजे पीक जोमदार, म्हणून टँकर नामंजूर. इथे हातपंपातून नुसती हवा येते आणि बायका हंडे घेऊन हायवे ओलांडतात. मी माजी सरपंच, लोक मलाच धरतात. तुझ्या विद्वत्तेबद्दल शंका नाही, पण चष्म्याचा नंबर एकदा तपासून घे.

लोभ आहेच, तो नकाशासारखा चुकू देऊ नकोस.

तुझा,
रंगरावकाका


खराडी, ११ मार्च

ती. काकांस अपेक्षाचा सा. न. वि. वि.

चष्मा तपासला, नंबर तोच आहे. मग नकाशा मोठा करून पाहिला. गावातली शेतं करपलीच आहेत, पण नकाशात अख्ख्या गावाला सरासरीचा एकच रंग मिळतो. हिरवं दिसतंय ते रस्त्याकडेचं तुमचं 'कौशल्या लॉन्स' आणि शेजारची चार लॉन्स. उपग्रहाला जिवंत पान ओळखता येतं. ते गव्हाचं की वरातीच्या पायाखालचं, हे कळत नाही. शेती कुठली धरायची ते आम्ही सरकारी नोंदीवरून ठरवतो. तुम्ही लॉन्सची जमीन बिनशेती करून घेतलेली नाही, त्यामुळे सातबाऱ्यावर तिथे अजून ज्वारी आहे. भर मार्चात इतकी टवटवीत ज्वारी सबंध खोऱ्यात दुसरीकडे नाही. अभिनंदन.

आता थट्टा पुरे. बायकांचं वाचून मला लाज वाटली, कारण नकाशा माझ्या हातचा आहे. पुढचा एप्रिलमध्ये निघेल. तोवर लॉन्सचं पाणी तोडा, नाहीतर जमिनीची खरी नोंद करा.

काकूंना नमस्कार. रागावलात तरी माया असू द्यावी.

तुमची,
अपेक्षा


हडपसरनजीक, २५ एप्रिल

चि. अपेक्षास अ. उ. आ.

खरी नोंद करायची तर दंड, आणि पाणी तोडायचं तर भर लग्नसराईत वऱ्हाड धुळीत बसवायचं. मी मधला मार्ग काढला. हिरवळ उपटून प्लॅस्टिकची अंथरली, शेजारच्या चौघांनाही पटवलं. नवरदेवांना फरक कळत नाही, तुझ्या उपग्रहाला बरोबर कळला. गाव तांबडं झालं, टँकर मंजूर झाला, गावानं मला हार घातला. ठेकाही आपल्यालाच मिळाला. पाणी कुठून आणता, असं विचारशील. आपल्या विहिरीला काय धाड भरलीय? लॉन्सचं वाचलेलं पाणी आहे की.

शिकलीस त्याचं चीज झालं. अशीच कृपादृष्टी वरून ठेव.

तुझा,
रंगरावकाका


हडपसरनजीक, १२ मे

चि. अपेक्षास कौशल्याकाकूचे अ. उ. आ.

ह्यांना सध्या पत्र लिहायची हौस उरलेली नाही, म्हणून मी लिहिते. टँकर आमच्या विहिरीवर भरतो आणि हाकेच्या अंतरावर चौकात रिकामा होतो, हे बायकांनी पाहिलं. शेजारची मुक्ताई सगळ्यांदेखत मला म्हणाली, की दुष्काळ आमच्या घरी आणि पाणी तुमच्या घरी, बरी वाटणी केलीत. मला मान वर करता येईना.

विहिरीची जमीन घेताना बाईच्या नावावर केली तर मुद्रांक शुल्कात सवलत मिळते, म्हणून ह्यांनी ती माझ्या नावावर घेतली होती. तेव्हा मला फक्त सहीपुरतं नेलं होतं. गेल्या मंगळवारी मी आपणहून गेले, ग्रामपंचायतीत, आणि विहिरीचं पाणी गावाला लिहून दिलं. मोटर आता गावच्या टाकीला जोडली आहे. टँकर आमच्या दारात उभा असतो, त्याच्या सावलीत कुत्री झोपतात. ह्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं, जेवण मात्र टाकलेलं नाही.

काल शेवटी बोलले. शनिवारी लॉन्सवर लग्न आहे, वऱ्हाडाला पाणी लागेल. मी सांगितलं, की पाणी आता गावाचं आहे, ग्रामसभा गुरुवारी आहे, तिथे अर्ज करा. आणि अर्जावर जमीन शेती की लॉन्स, ते खरं लिहा.

सवडीनं येऊन जा. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
कौशल्याकाकू